लिनक्सची राखण

लिनक्स इस्लामपुरात कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक जण एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेकडे बोट दाखवतील. खरे तर ती त्यांच्या खिशातच असते. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या गाभ्याशी लिनक्सचे कर्नल आहे. दुकानातल्या वायफायच्या डब्यात, सराफाच्या पेढीवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात बहुधा तेच असते, आणि पैसे पाठवल्यावर फोनवर येणाऱ्या संदेशामागे दूर कुठेतरी चालणाऱ्या सर्व्हरवरही बहुतेक वेळा तेच असते. वाळवा तालुक्यातल्या ज्या माणसाने लिनक्स हे नाव कधी ऐकलेले नाही, त्याचाही दिवस या प्रणालीच्या भरवशावर जातो. म्हणून तिची सुरक्षा हा फक्त अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

संगणकाच्या सुरक्षेचे तीन भाग मानले जातात: गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता. उसाच्या मुलखात ते समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. सभासदाचा बँक खाते क्रमांक भलत्याच्या नजरेस पडला तर गुप्तता गेली. काट्यावर नोंदलेले वजन नंतर कुणी गुपचूप बदलले तर अचूकता गेली. आणि ऐन गळीत हंगामात संगणक बंद पडून गाड्यांची रांग लागली, तर माहिती जागच्या जागी शाबूत असूनही उपलब्धता गेली. या तिघांत अचूकतेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चोरी झाली की बोभाटा होतो. बदललेला आकडा मात्र वर्षानुवर्षे खरा म्हणून वापरला जातो.

या भागात अशा नोंदी संगणकावर लवकर आल्या. १९९८ मध्ये वारणानगर हे केंद्र धरून केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात होती. गावातल्या केंद्रावर जाऊन शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन आणि बिल पाहता यावे, ही त्यामागची कल्पना. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरू केंद्राने तिथेच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून दाखवले. या दोन्ही प्रयोगांवर लिहिले गेले ते विकासाच्या अंगाने. सुरक्षेच्या अंगाने त्यांनी पुढे आणलेला प्रश्न साधा आहे आणि तो आजही तसाच आहे: नोंद कोण पाहू शकतो, कोण बदलू शकतो, आणि बदलली तर ती कुणी बदलली हे नंतर कळते का?

या प्रश्नाचे लिनक्सने दिलेले उत्तर समजण्यासाठी तिचे मूळ पाहावे लागते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या काळी एक संगणक अनेकांनी मिळून वापरायचा असे, त्यामुळे एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालू नये याची व्यवस्था युनिक्समध्ये मुळापासून आली. एकट्याच्या टेबलावरच्या संगणकासाठी जन्मलेल्या प्रणालींना हीच व्यवस्था पुढे मोठ्या कष्टाने जोडून घ्यावी लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना वापरायला, वाचायला आणि बदलायला मोकळी अशी ‘ग्नू’ प्रणाली बांधण्याची घोषणा केली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले. ग्नूची साधने आणि हे कर्नल एकत्र आले आणि त्यातून आजची लिनक्स उभी राहिली.

१९८३ हे वर्ष इस्लामपूरकरांना वेगळ्या कारणाने ओळखीचे आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना त्या वर्षी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. कासेगाव शिक्षण संस्थेने साखराळ्याजवळ राजारामनगरला सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, आजची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, त्याच वर्षीचे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय त्याहून जुने, १९४७ चे. तिथे विद्यार्थ्यांनी चालवलेला ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ आहे. वरच्या वर्गातली मुले खालच्या वर्गाला लिनक्स शिकवतात, कार्यशाळा घेतात, आणि ‘लिनक्स डायरी’सारखे उपक्रम एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवले जातात. पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांचा गटही असाच स्वयंसेवी. सुरक्षेच्या पुस्तकात अशा गटांचा उल्लेख क्वचित येतो, आणि ही त्या पुस्तकांतली मोठी उणीव आहे. लिनक्स सुरक्षित राहते ती कुणीतरी तिच्यावर डोळा ठेवून बसल्यामुळे, आणि असा डोळा तयार होण्याची जागा बहुतेकदा एखादी साधी प्रयोगशाळा असते.

आता यंत्रणेकडे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे ‘इतर’ ठरतात. या तिघांना वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालवण्याचा एक असे गुण धरून त्यांची बेरीज मांडतात. ६०० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकी कुणाला काहीच नाही. ७५५ म्हणजे मालकाला सर्व मोकळीक, इतरांना वाचण्याची आणि चालवण्याची. ७७७ म्हणजे वाड्याची सगळी दारे सताड उघडी. एखादा प्रोग्रॅम चालेना म्हणून वैतागून सगळ्या फायलींना ७७७ देऊन टाकणे ही शिकाऊ माणसाची पहिली आणि सर्वांत महागडी चूक असते. काम त्या क्षणी मार्गी लागते, म्हणून ती चूक आहे हे ध्यानातच येत नाही.

या सर्व परवानग्यांच्या वर एक वापरकर्ता असतो: रूट. त्याचा क्रमांक शून्य, आणि त्याला सहसा कोणतीही परवानगी आडवी येत नाही. रोजचे काम रूट म्हणून करू नये, गरजेपुरता ‘सुडो’ वापरून त्याचा अधिकार उसना घ्यावा, हा लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना शिरस्ता आहे. सुडोने केलेल्या कामाची नोंद राहते, म्हणजे अधिकार कुणी, केव्हा आणि कशासाठी वापरला हे नंतर पाहता येते. सहकारी संस्थेच्या कारभारात सहीचा अधिकार आणि प्रोसिडिंग बुकातली नोंद यांचा जो संबंध, तोच इथे आहे.

एक अडचण मात्र सुरुवातीपासून होती. पासवर्डांचे सांकेतिक ठसे ‘शॅडो’ नावाच्या फाइलमध्ये असतात आणि ती फक्त रूटला उघडता येते. मग साध्या वापरकर्त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? त्यासाठी काही मोजक्या प्रोग्रॅमांना असा गुण दिलेला असतो की ते कुणीही सुरू केले तरी चालतात रूटच्या अधिकाराने. यालाच सेटयूआयडी म्हणतात. सोय मोठी, आणि धोकाही तितकाच. अशा प्रोग्रॅममध्ये लहानशी चूक राहिली तर साधा वापरकर्ता थेट रूट होऊन बसतो. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमध्येच अशी चूक सापडली. ती जवळजवळ दहा वर्षे तिथे होती. जानेवारी २०२२ मध्ये पोलकिट या संचातल्या एका प्रोग्रॅममध्ये दुसरी सापडली. ती २००९ पासूनची, म्हणजे बारा वर्षांहून जुनी, आणि तोवर जवळपास प्रत्येक प्रमुख लिनक्सवर जाऊन बसलेली होती. दोन्ही शोधल्या क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी. या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे.

मालकाने परवानगी द्यायची या पद्धतीत एक मूळचा दोष आहे. मालकाच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम बिघडला किंवा फितूर झाला तर त्याला मालकाचे सगळे अधिकार आयते मिळतात. वेबसाइट दाखवणाऱ्या सर्व्हरने बँकेच्या नोंदींची फाइल उघडायचे काहीच कारण नाही. पण परवानगी असेल तर जुनी व्यवस्था त्याला अडवत नाही. यावर उपाय म्हणून एसईलिनक्स आली. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमला नेमून दिलेली कामे लिहिलेली असतात, आणि त्याबाहेरचे पाऊल कर्नल स्वतः अडवते, प्रोग्रॅम रूटचा असला तरी. ही व्यवस्था डिसेंबर २००० मध्ये खुली केली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे जगाची टेहळणी करणाऱ्या यंत्रणेने. संशय येणे साहजिक होते. तरीही २००३ मध्ये ती कर्नलमध्ये सामावली गेली, कारण तिची ओळ न ओळ बाहेरच्यांना वाचता येत होती आणि वाचली गेली. देणाऱ्यावर विश्वास नसतानाही दिलेली वस्तू तपासून घेता येते, हा खुल्या स्रोताचा सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून एसईलिनक्स फोनमध्ये पूर्ण कडकपणे लागू आहे. सर्व्हरवर मात्र अनेक जण काही अडले की ती आधी बंद करतात. ७७७ देण्याच्या सवयीचेच हे मोठे भावंड.

लिनक्सवर सॉफ्टवेअर येते ते बहुधा भांडारातून. डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट अशा प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते, त्यातल्या पॅकेजांची राखण करणारी माणसे ठरलेली असतात, आणि भांडारातला माल सांकेतिक सहीने तपासला जातो. वाटेत कुणी त्यात भेसळ केली तर सही जुळत नाही आणि संगणक ते नाकारतो. इंटरनेटवरून जिथून मिळेल तिथून फाइल उतरवून चालवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी निर्धोक आहे. पण सही सांगते ती एवढेच, की माल ठरलेल्या हातातून आला आहे. त्या हाताने चूक केली तर सहीसुद्धा चुकीच्या मालावरच बसते. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून एक कटकटीची वाटणारी ओळ काढून टाकली गेली, आणि त्यासरशी गुप्त किल्ल्या बनवण्यातला सारा यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या उरल्या फक्त ३२,७६७, म्हणजे सगळ्या एकेक करून लावून पाहता येतील इतक्या. हे लुचियानो बेल्लो या डेबियनच्याच विकासकाच्या लक्षात आले मे २००८ मध्ये. मधली पावणेदोन वर्षे तो कोड सर्वांसमोर उघडा होता.

पुष्कळ डोळे पाहत असले की चूक लपत नाही, अशी खुल्या स्रोताची ख्याती आहे. ती अर्धीच खरी आहे. डोळे पाहू शकतात हे खरे. पाहतातच असे नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष याची साक्ष देतो. ओपनएसएसएल जगातल्या प्रचंड संख्येच्या वेबसाइटींचे व्यवहार सांकेतिक करत होते, आणि त्यातल्या या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, प्रसंगी पासवर्ड आणि किल्ल्यासुद्धा, बाहेरून ओढून काढता येत होता. हे सारे ज्या प्रकल्पावर उभे होते त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. अब्जावधींच्या उलाढाली करणाऱ्या कंपन्यांनी त्याचा कोड फुकट वापरला आणि तो वाचायला कुणालाही बसवले नाही.

कृष्णाकाठच्या शेतीत पैऱ्याची पद्धत आहे. एकाने दुसऱ्याच्या रानात राबायचे आणि दुसऱ्याने ते श्रम फेडायचे. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि पैरा न फेडणाऱ्याच्या रानात पुढच्या वर्षी कुणी येत नाही. खुल्या स्रोताचा समाज याच रीतीवर उभा आहे. कोड वापरणाऱ्याने जमेल तसे काही परत करावे: एखादी दुरुस्ती, सापडलेल्या चुकीची नीट नोंद, भाषांतर, निदान पैसे. फरक इतकाच, की इथे पैरा बुडवणाऱ्याला कुणी ओळखत नाही, त्यामुळे त्याला कधीच अडवले जात नाही. सगळा भार मग मूठभर माणसांवर पडतो आणि ती थकतात.

या थकव्यावरच नेम धरून झालेला हल्ला म्हणजे २०२४ चे एक्सझेड प्रकरण. खुल्या स्रोताच्या सुरक्षेविषयी एकच घटना अभ्यासायची झाली तर ती ही. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारे साधन. बहुतेक लिनक्सवर ते असते आणि त्याच्याकडे कुणाचेही लक्ष नसते. लासे कोलिन हा फिनलंडचा विकासक वर्षानुवर्षे ते जवळजवळ एकट्याने सांभाळत होता, तेही पगाराशिवाय. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ नावाच्या कुणीतरी त्यात छोट्या, चांगल्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये वेगवेगळ्या नावांनी कोलिनकडे तक्रारी येऊ लागल्या: काम संथ चालले आहे, नव्या माणसाला अधिकार द्या. त्यातले एक नाव भारतीय धाटणीचे होते. ती नावे खरी नसावीत, असे आज मानले जाते. मनःस्वास्थ्य बरे नसल्याचे कोलिनने उघडपणे सांगितले, तरी दबाव थांबला नाही. शेवटी टॅनला सहसांभाळकर्त्याचे अधिकार मिळाले. दोन वर्षे प्रामाणिक भासेल असे काम करून मिळवलेला तो विश्वास होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत आणि पुढच्या महिन्यातल्या ५.६.१ मध्ये चोरदरवाजा होता. त्याची रचना विलक्षण चलाखीची होती. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फायलींत दडवला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी जे एसएसएच जगभर वापरले जाते, ते काही वितरणांत आडवळणाने एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेले असे. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला अशा सर्व्हरवर थेट आपले हुकूम चालवता आले असते.

हा चोरदरवाजा पकडला आंद्रेस फ्रॉइंड याने. हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा विकासक, मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर दुसऱ्याच कशाची वेगमोजणी करत असताना एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आणि प्रोसेसर जास्त खाते, हे त्याच्या नजरेत भरले. अर्ध्या सेकंदाचा हा उशीर का, म्हणून तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळे जाहीर केले. घातक आवृत्त्या तोवर फेडोरा, डेबियन आणि काही इतर वितरणांच्या चाचणीच्या किंवा सतत बदलत्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. बँका आणि सरकारी कार्यालये वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांत त्या जायच्या होत्या. जिया टॅन कोण होता हे जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. या घटनेचे दोन्ही अर्थ एकदमच घ्यावे लागतात. उघड्या कोडमध्ये, सर्वांसमोर, दोन वर्षे कट रचता आला. आणि कोड उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला कुणाच्या परवानगीवाचून मुळापर्यंत जाता आले. बंद सॉफ्टवेअरमध्ये फ्रॉइंडचा अर्धा सेकंद एक तक्रार होऊन राहिला असता.

हल्ल्यांची झळ या भागाला बसलेली आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी दुपारनंतर, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी. भारतातली रोकड जिथून निघाली त्या शहरांत कोल्हापूरही होते. हल्लेखोरांनी एटीएम आणि बँक यांच्यामध्ये बसून ‘पैसे द्या’ असा खोटा होकार पाठवणारी यंत्रणा उभी केली होती, त्यामुळे खऱ्या खात्यांकडे विचारणा पोहोचलीच नाही. अचूकतेचा भंग म्हणतात तो हा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीची नोंद उत्तर कोरियाशी संबंधित हल्ल्यांत केली. याच जातीची जी हत्यारे जगात अन्यत्र सापडली ती आधी आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर चालणारी होती, मग विंडोजवर, आणि २०२४ मध्ये लिनक्सवर चालणारा अवतारही उजेडात आला. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हा समज अजूनही ऐकू येतो. ज्या सर्व्हरवर पैसा आहे तो कोणत्या प्रणालीवर चालतो याच्याशी चोराला कर्तव्य नसते.

३१ जुलै २०२४ ची घटना सहकारी बँकांना आणखी जवळची. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या व्यवस्थेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तोडले, आणि देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे डिजिटल व्यवहार थांबले; दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. बंगळूरूच्या क्लाउडसेक कंपनीच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो एका भागीदार कंपनीच्या नीट न लावलेल्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स हे खुल्या स्रोताचे साधन. त्यातला संबंधित दोष त्याच वर्षीच्या जानेवारीत जाहीर झाला होता आणि दुरुस्तीही त्याच वेळी निघाली होती. मधले सहा महिने दुरुस्ती फुकट उपलब्ध होती. समाजाने आपला पैरा केला. तो रानात उतरवून घ्यायला पलीकडे कुणी नव्हते.

घराघरांतली साधने हा याच दुखण्याचा लहान पण पसरलेला भाग. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने कॅमेरे, चित्रण साठवणारी यंत्रे आणि राउटर अशी लाखो लिनक्स साधने ताब्यात घेतली. त्यासाठी कोणताही गहन दोष लागला नाही. कारखान्यातून आलेले साठेक ठरीव पासवर्ड त्याने लावून पाहिले आणि ते चालले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या साधनांच्या फौजेने डाइन या कंपनीवर भडिमार करून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास गायब केल्या. कॅमेरे बसवून देणारा माणूस पासवर्ड तसाच ठेवून जातो, दुकानदाराला चित्र दिसले की त्याचे समाधान होते, आणि ते यंत्र पुढे कधीही अद्ययावत होत नाही. इस्लामपूरच्या बाजारात असा धोका कमी करायला कोणतेही मोठे तंत्रज्ञान लागत नाही; बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी पासवर्ड बदलणे आणि यंत्र थेट इंटरनेटवर उघडे न ठेवणे एवढे त्याच्या कामाचा भाग मानले गेले तरी पुरे.

सर्व्हर सांभाळणाऱ्याचे रोजचे काम तसे नीरस असते, आणि खरी सुरक्षा त्या नीरस कामातच असते. दुरुस्त्या वेळच्या वेळी लावणे. एसएसएचवर पासवर्डाऐवजी किल्लीजोडी वापरणे आणि रूटला बाहेरून थेट प्रवेश बंद ठेवणे. नको असलेल्या सेवा काढून टाकणे. नोंदवह्या दुसऱ्या यंत्रावरही पाठवणे, कारण शिरलेला चोर आधी नोंदी पुसतो. प्रतींचा साठा संगणकापासून तुटलेला ठेवणे आणि तो खरोखर परत चढतो का हे अधूनमधून करून पाहणे. हे शेवटचे फार थोडे लोक करतात. आयुष्य संपलेली आवृत्ती बदलणे हेही यातच येते. सेंटओएस ७ लहान कार्यालयांची आवडती होती, तिची दुरुस्ती ३० जून २०२४ ला थांबली. त्यानंतर सापडणारे प्रत्येक छिद्र तिच्यात कायमचे उघडे राहणार.

कायद्याची चौकटही ठाऊक असावी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. घटनांची दखल घेणारी राष्ट्रीय संस्था सर्ट-इन २००४ पासून काम करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. विद्यार्थ्यांसाठी कलम ४३ आणि ६६ महत्त्वाची: दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा गैरव्यवहार आहे, आणि तो अप्रामाणिक हेतूने केला तर गुन्हा ठरतो. उत्सुकता ही पळवाट म्हणून चालत नाही. हल्ल्याचे तंत्र शिकायचे ते स्वतःच्या संगणकावर उभ्या केलेल्या आभासी यंत्रांवर. लिनक्स फुकट असल्यामुळे सराफाची पेढी आणि चोर दोन्ही एकाच लॅपटॉपवर मांडता येतात. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडलाच तर तो आधी सांभाळकर्त्यांना खासगीत कळवायचा, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि मग जाहीर करायचा, अशी या समाजाची रीत आहे.

शिकण्यासाठी मराठीत साहित्य थोडे आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजात उपलब्ध केले. पुण्याच्या रेड हॅट कार्यालयातून फेडोराच्या मराठीकरणाचे आणि लोहित या खुल्या टंकांचे मोठे काम झाले. सुरक्षेवरचे लेखन मात्र जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे, आणि त्याचा फटका बसतो तो पहिल्या वर्षाच्या ग्रामीण विद्यार्थ्याला. परवानग्यांचे गणित त्याला अवघड नसते, ते सांगणारी भाषा अवघड असते.

शब्दांच्या निवडीबद्दल थोडे. कर्नल, पासवर्ड, सर्व्हर हे शब्द प्रयोगशाळेत रुळले आहेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द देण्यात हशील नाही. चोरदरवाजा मात्र सह्याद्रीच्या किल्ल्यांवरून आपसूक येतो आणि अर्थही नेमका पोहोचवतो. पॅच या शब्दाचा खरा अर्थ ठिगळ. ठिगळ म्हटले की काहींना त्यात कमीपणा वाटतो, म्हणून ‘सुधारणा’ लिहिण्याचा कल असतो. पण सुधारणा म्हणजे काहीतरी नवे, जे उद्या घेतले तरी चालेल. ठिगळ लावायचे असते ते फाटलेल्या जागी, आणि फाटल्याचे दिसताच.